अनुभव धागा: दुखतो खुबा, चोळायचा घोटा

खुबा आखडला की आपण खुब्यालाच शेकतो, मलम लावतो, कमरेला पट्टा आवळतो. खाली घोट्याकडे कुणी बघत नाही. दिवसभर खुर्चीत किंवा ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं निम्मं तिथे अडलेलं असतं, असं माझं ठाम मत झालंय. घोटा पुढे वाकेना झाला की उकिडवं बसताना टाच उचलते, नाहीतर पाऊल बाहेर वळतं, आणि तो सगळा पीळ मांडीच्या सांध्याला सोसावा लागतो. जिना उतरतानाही तेच.

लिहिण्याआधी एक चाचणी करा. अनवाणी भिंतीकडे तोंड करून उभे राहा, एक पाऊल पुढे ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. अंगठा भिंतीपासून साधारण 10 सेंटिमीटरवर असतानाही गुडघा टेकत असेल तर घोटा मोकळा आहे. दोन्ही पायांत फरक आहे का, ते जास्त महत्त्वाचं.

मी तिळाचं तेल कोमट करून घेते. टाचेपासून चवड्यापर्यंत अंगठ्याने दाबत जायचं, मग घोट्याच्या दोन्ही हाडांखाली गोल गोल. हाताची बोटं पायाच्या बोटांत अडकवायची, दुसऱ्या हाताने टाच धरायची आणि पाऊल सावकाश दोन्हीकडून फिरवायचं. शेवटी धोंडशीर, म्हणजे टाचेमागची जाड शीर, चिमटीत धरून पोटरीपर्यंत वर. प्रत्येक पायाला पाचेक मिनिटं पुरतात. यानंतर दाराची चौकट धरून थोड्या उठाबशा काढायच्याच. नुसतं चोळून झोपलं तर सकाळी खुबा पुन्हा तसाच.

तुमचं तेल, तुमची पद्धत, कशाने फरक पडला आणि कशाने अजिबात नाही, सगळं लिहा.

पेणहून, भातशेती

लावणीच्या दिवसांत पाय चिखलात रुतलेले आणि अंग कमरेत वाकलेलं. संध्याकाळी बांधावरून घरी येताना मांडी पुढे टाकवत नाही. सासूबाई कमरेला हात लावायच्या आधी पाय धुवायला लावतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात का बघतात, असतील तर तिथे तेल लावत नाहीत. मग उंडीचं तेल घोट्याला आणि पोटरीला. वास उग्र, पण आमच्याकडे सांध्यांना हेच चालतं. चिखलातून पाय उपसून उपसून पोटरीचा दगड झालेला असतो. ती सुटली की कंबर आपोआप सरळ होते. हे मी दर पावसाळ्यात अनुभवते.

नाशिकहून, बँकेत नोकरी

मी टेनिसचा चेंडू टेबलाखाली ठेवतो आणि बूट काढून तळव्याखाली फिरवतो. आधी खाली वाकून बोटं कुठवर पोचतात ते बघायचं, एका तळव्याखाली चेंडू फिरवायचा आणि पुन्हा वाकायचं. त्या बाजूला लगेच मोकळं वाटतं. पण चहा होईपर्यंत परिणाम ओसरतो. म्हणून मी आता चेंडूनंतर लगेच जिने चढतो. तेव्हापासून मोटारीतून उतरताना खुबा धरून उभं राहावं लागत नाही.

वारीतला अनुभव, बारामतीकडचा

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा मोठा टप्पा, जवळजवळ 30 किलोमीटर, त्यात दिवेघाट. सासवडला पोचलो तेव्हा डावा खुबा असा धरला होता की मांडी घालून जेवायला बसता येईना. तिथे सेवेकरी पाय चेपायला बसलेले असतात. माझे पाय घेतले ते एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी आधी पायाला नमस्कार केला, मला संकोचल्यासारखं झालं. "माउली, पाय सैल सोडा," म्हणाले. खुब्याला त्यांनी हातही लावला नाही. घोट्याच्या आतल्या हाडामागच्या खळग्यात अंगठा ठेवला आणि मी श्वास सोडेपर्यंत थांबले, मग जरा खाली, मग टाचेच्या कडेने. दाबायचे कमी, थांबायचे जास्त. उठलो तो पंगतीत जाऊन मांडी घालून बसलो. घरी आता मुलगा तसंच करतो, पण घाई करतो.

फिजिओथेरपिस्ट, सोलापूर

तळव्यापासून खुब्यापर्यंत एक दोरी आहे आणि खालून ढिली केली की वरून सुटते, इतकं सोपं ते नाही. पावलात 26 हाडं आहेत. ती नीट हलली की चालण्यातला धक्का तिथेच जिरतो. शिवाय चोळल्याने मज्जासंस्थेला सुरक्षित वाटतं आणि स्नायूंची धरून ठेवायची सवय थोडा वेळ सुटते. हा थोडा वेळ हालचालीसाठी वापरायचा, म्हणून धागाकर्तीच्या उठाबशा मला पटल्या. एका पोटरीला अचानक सूज, लाली, कढत लागणं असेल तर चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते. आधी डॉक्टर.

पनवेलहून

माझ्या दिरांचं सांगते, कारण ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल. कोविडमध्ये त्यांना स्टेरॉइड द्यावी लागली होती. पुढे जांघेत दुखायला लागलं, मोजा घालताना पाय वर घेता येईना. आम्ही रोज पाय चोळत होतो, झोप लागायची, दुखणं मात्र वाढत गेलं. एक्स-रे साफ आला. एमआरआयमध्ये कळलं की मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी झालाय. जांघेत दुखत असेल, रात्री ठणकत असेल, लंगडायला होत असेल तर तेलावर थांबू नका, प्लीज.

कोल्हापूरहून, कथक शिकवते

तत्कारानंतर, म्हणजे पाय आपटून ताल धरल्यावर, माझ्या शिकणाऱ्या मुलींचे तळवे लाल होतात आणि खुब्याची बाहेरची बाजू धरते. घुंगरू सोडले की पहिलं काम म्हणजे पायाची बोटं एकेक वेगळी करायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सगळ्यात चिकटलेलं असतं. ती दोन मोकळी झाली की एका पायावर उभं राहताना तोल लगेच सुधारतो आणि खुब्यावरचा ताण उतरतो. लहान मुली आवडीने करतात.

मडगावहून

आमच्याकडे काशाची वाटी. तूप लावून तळव्यावर फिरवते. तळवा काळा होतो तेव्हा अंगातली उष्णता बाहेर आली असं म्हणतात, पण तो रंग काशातल्या तांब्याचा आणि तूप-घामाचा, खराब वाटीचाही तसाच येतो आणि चांगल्या वाटीचाही. मला तरी वाटीने आराम मिळतो तो घासण्याने. वडिलांना मधुमेह आहे, तळव्याला गरम-गार कळत नाही, म्हणून त्यांचं तेल कोमटसुद्धा करत नाही. आधी माझ्या मनगटाला लावून बघते आणि टाचेला भेग असेल तर तिथे वाटी नेत नाही.

धागाकर्ती

वाटी आणि मधुमेहाचं बरं झालं लिहिलंत. एक राहिलं होतं: तेल लावलेल्या पायाने फरशीवर उतरू नका. उठाबशांच्या आधी तळवे कोरड्या फडक्याने नीट पुसा आणि झोपताना सुती मोजे घाला. रात्री न्हाणीघरात जायचं झालं तर आधी चप्पल घाला.