सदाशिव अमरापूरकर तुम्हाला आधी कुठल्या रूपात भेटले?

‘अर्धसत्य’चा (१९८३) रामा शेट्टी, ‘सडक’ची (१९९१) महाराणी, ‘कुली नं. १’चा (१९९५) शादीराम घरजोडे. तिन्ही कामं एकाच माणसाची. तुमची पहिली गाठ कोणाशी पडली? लिहा. मराठी नाटकांचंही चालेल, पण हिंदीवर जास्त येऊ द्या.

केबलच्या काळातला
माझा क्रम उलटा. आधी केबलवर ‘आँखें’तला इन्स्पेक्टर प्यारेमोहन, हसून हसून पोट दुखलेलं. पुढे कॉलेजात ‘अर्धसत्य’ दाखवला, तेव्हा रामा शेट्टी दिसताच मी हसायच्या तयारीत. पण हा बाबा आवाज म्हणून चढवत नाही! ओम पुरींचा वेलणकर गणवेशात ताठ, आतून धुमसतोय, आणि हा घरी पाहुणा आल्यासारखा निवांत. पोलीस समोर उभा असताना काळजी पोलिसाचीच वाटते. शेवटी वेलणकर मदतीसाठी त्याच्याच दारात जातो, तिथे तर बघवत नाही. काम मोजक्या प्रसंगांचं, पण सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर घेऊन गेले. मला विचाराल तर पुढच्या हिंदीवाल्यांनी त्यांना उगाच ओरडायला लावलं.

मावशीबाई
‘सडक’ आम्ही व्हीसीआर भाड्याने आणून पाहिला. महाराणी आली आणि आईने आम्हाला पाणी आणायला पिटाळलं, आम्ही दाराआडून पाहिलं. आता पाहताना तृतीयपंथी म्हणजे क्रूर हे समीकरण खटकतं, पण तो दोष लिहिणाऱ्यांचा. यांनी नुसत्या नकला केल्या नाहीत, लाडिक बोलता बोलता अंगावर काटा आणला. खलनायकासाठीचं फिल्मफेअर त्या वेळी नव्याने सुरू झालं, पहिले मानकरी हेच.

टाइमपास
‘इश्क’! अजय देवगणचा बाप. बाकी काही आठवत नाही, आठवायची गरजही नाही.

नगरी
आमच्यासाठी ते तात्या. गोविंद निहलानींनी त्यांना ‘हॅन्ड्स अप’ नाटकात पाहिलं आणि रामा शेट्टी दिला, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. ‘हुकूमत’ (१९८७) लागला तेव्हा धर्मेंद्रने हाणलं की थेटरात शिट्ट्या, आणि बाहेर पडल्यावर तीच मंडळी चहा पिताना ‘आपल्या तात्यांनी काय काम केलंय राव!’ @केबलच्या काळातला, ओरडायला लावलं हे खरं, पण ओरडण्यातही माणूस खोटा वाटायचा नाही.

अंधेरीकर
‘बॉम्बे टॉकीज’ (२०१३) विसरू नका. दिबाकर बॅनर्जींच्या भागात नवाजुद्दीनसमोर मेलेला नाट्यगुरू होऊन येतात. छोटंसं काम, पण नवाजुद्दीनवरून नजर हटते म्हणजे बघा. त्याच वर्षी राज्यात दुष्काळ असताना वर्सोव्यात होळीच्या रेन डान्सवर पाण्याची नासाडी चालली म्हणून हटकायला गेले आणि मार खाऊन आले. पडद्यावर आयुष्यभर दुसऱ्यांना छळणारा माणूस! पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबरला गेले.

केबलच्या काळातला
@नगरी, मान्य. ‘आखरी रास्ता’तला चतुर्वेदी कोणी घेतंय का? नाहीतर रात्री जेवणानंतर मीच लिहितो.