फिल्टर हुक: गाळणी, आकडा की खुंटी?

प्रश्न
वर्डप्रेस (वेबसाइट बनवायची प्रणाली) शिकवण्यासाठी मराठीत टिपणं काढतोय. 'क्वेरी'ला, म्हणजे डेटाबेसकडे लेख मागणाऱ्या वाक्याला, पृच्छा लिहिलं. मुलं क्वेरीच म्हणतात, म्हणोत बापडी. अडलोय 'फिल्टर हुक'पाशी. हुक म्हणजे वर्डप्रेसच्या कामात मध्येच आपला कोड जोडायची जागा. मी 'गाळणी-आकडा' लिहून मोकळा झालो होतो. प्रात्यक्षिकाला शब्दसूचीची साइट घेतली: एका पानावर फक्त 'क'पासून सुरू होणारे शब्द हवेत. 'पोस्ट्स व्हेअर' या फिल्टरला आपलं फंक्शन जोडायचं. वर्डप्रेस त्याच्या हाती पृच्छेतला अटींचा तुकडा देतं, फंक्शनने त्याला 'आणि शीर्षक क-ने सुरू होणारं' एवढं शेपूट लावून तो परत द्यायचा. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "सर, गाळणीतून चहा गाळला की कमी होतो. इथे तर आपण वाढवतोय." मी गप्प.

प्रतिसाद १
मुलगा हुशार आहे. घोळ असा की गाळणीतून लेख जात नाहीत, लेख मागणारं वाक्य जातं. वाक्य लांबलं की अटी वाढतात आणि लेख कमी येतात. खरी गाळणी पुढे डेटाबेसमध्ये लागते. वर्डप्रेसचा फिल्टर म्हणजे वाटेतला माणूस: हातात येईल ते घ्यायचं, हवं तर बदलायचं, पुढे द्यायचं. फोडणी म्हणा हवं तर, गाळणी नको.

प्रतिसाद २
'आकडा' तर मुळीच नको. एक म्हणजे आकडा म्हटलं की संख्या आठवते. दुसरं, आपल्याकडे आकडा टाकतात तो विजेच्या तारेवर, रात्री, मीटर चुकवून! हुक याच्या नेमका उलट. घर बांधणाऱ्यानेच भिंतीत जागोजागी खुंट्या ठोकून ठेवल्यात, या आणि आपलं अडकवा. 'गळ'ही बाद, गळ आपण टाकतो, खुंटी आधीपासून असते. माझं मत खुंटीला. फक्त 'कोड खुंटीला टांगला' असं लिहू नका, काम सोडून दिलं असा अर्थ होईल. 'अडकवला' लिहा.

प्रश्नकर्ता
खुंटी पटली. एकाच खुंटीवर अनेक सदरे असले तर कोण आधी, हे प्राधान्याच्या आकड्यावर ठरतं (काही न सांगितल्यास १०, लहान आकडा आधी), तेही त्यात बसतं. पण फोडणीत 'परत देणं' येत नाही, आणि मुलं चुकतात ती तिथेच. एकाने शेपूट जोडलं, रिटर्न लिहायला विसरला. अटींचा अख्खा तुकडाच गायब! पानावर कच्चे मसुदे, जुन्या आवृत्त्या, सगळी जत्रा.

प्रतिसाद १
मग 'संस्कार' कसा? धान्यावर संस्कार करतात, वस्तू आत जाते आणि बदलून बाहेर येते. संस्कार-खुंटी. जरा कीर्तनी वाटतं, कबूल.

प्रतिसाद ३
कीर्तनी चालेल, पण 'प्री गेट पोस्ट्स'ला तो शब्द लावू नका. पृच्छा बदलायला सगळे तेच वापरतात आणि सर्रास फिल्टर म्हणतात. ती आहे ॲक्शन, हुकचा दुसरा प्रकार. तिथे वाक्याचा तुकडा नाही, पृच्छेची मूळ वस्तूच हाती येते. जागच्या जागी बदला, परत काही द्यायचं नाही. फक्त ही पानाची मुख्य पृच्छा आहे ना आणि आपण ॲडमिनच्या पानावर नाही ना, एवढं आधी तपासा. नाहीतर मेनूपासून ॲडमिनच्या यादीपर्यंत सगळीकडे 'क'च दिसेल. आणि 'गेट पोस्ट्स' फंक्शनने यादी मागवलीत तर 'पोस्ट्स व्हेअर'ची खुंटी मुळात हलतच नाही, कारण ते फंक्शन असे फिल्टर आपणहून दाबून ठेवतं. मुलं तासभर डोकं खाजवतात.

प्रतिसाद २
शब्दांचाच धागा आहे म्हणून: तुमच्या 'क'च्या पानावर क्षमा आणि क्षितिजही येऊन बसतील. युनिकोडमध्ये क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. त्यांना वगळायला आणखी एक शेपूट लागेल.