अनुभव धागा: मुलांना चर्चचं वर्ष कसं शिकवलंत?

वसईत रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) तिसरीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. आगमनकाळ (नाताळाआधीचा), नाताळ, उपवासकाळ (ईस्टरआधीचा), पुनरुत्थान (म्हणजे ईस्टर), सामान्यकाळ (उरलेलं वर्ष) असं फळ्यावर लिहून दिलं की मुलं पाठ करतात आणि पुढच्या रविवारी पाटी कोरी. मग एका वर्षी मागच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) घरी नेलेल्या, वेदीमागे खोचून ठेवलेल्या सुक्या झावळ्या परत आणायला सांगितल्या, फादरांनी त्या अंगणात सगळ्यांसमोर जाळल्या आणि तीच राख राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर. एक मुलगा कपाळाला हात न लावता म्हणाला, टीचर यात माझी झावळी आहे. तुमच्या घरचं लिहा ना, फसलेलं पण लिहा.

नालासोपाऱ्याहून:
आमच्या मुलीने राखेच्या बुधवारी बरणीत ४० वाल मोजून ठेवले, रोज रात्री प्रार्थना झाली की एक काढायचा. मध्येच कॅलेंडर मोजलं आणि रडवेली होऊन आली, मम्मी दिवस ४६ आहेत, माझे वाल आधीच संपणार! मलाही पटकन सांगता येईना. सासूबाई म्हणाल्या, अगं रविवार धरायचे नाहीत, रविवार पुनरुत्थानाचा, सहा वजा कर. रविवारी काढलेले वाल परत बरणीत टाकले आणि तेव्हापासून रविवारी बरणीला हात नाही. शेवटचा वाल पवित्र शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, निघाला, त्या रात्री जागरणाच्या मिस्सेला ती अजिबात झोपली नाही, ग्लोरियाला (देवाच्या स्तुतिगीताला) घंटा वाजल्या (गुरुवारपासून बंद असतात ना) तशी बाकावर उभीच राहिली. चॉकलेट सोड, टीव्ही सोड सांगून हे झालं नसतं असं मला वाटतं.

बांद्र्याहून:
मोती मावलीच्या (इथल्या माउंट मेरी चर्चच्या) नोव्हेनाला, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, मुलाने विचारलं, मरियामातेचा बर्थडे ८ सप्टेंबरलाच का? ८ डिसेंबरच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणापासून (मरियामाता आपल्या आईच्या पोटात आली तो) बोटांवर महिने मोजायला लावले, बरोब्बर नऊ. २५ मार्च (देवदूताने मरियेला येशूच्या जन्माचा संदेश दिला तो सण) ते २५ डिसेंबर मग त्याने स्वतःच मोजलं.

उत्तनहून:
सामान्यकाळाला कोणी विचारतच नाही, वर्षातले ३३-३४ आठवडे त्याचेच असून! पोरं म्हणायची फादरचा झगा हिरवा (सामान्यकाळाचा रंग) म्हणजे आज काहीच नाही. आम्ही ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती), ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे सुगीचा सण असतो, नव्या भाताची कणसं आशीर्वादाला नेतात. म्हणून जूनमध्ये पोरांकडून कुंडीत भात पेरून घेतला, दर रविवारी चर्चमधून आलं की आधी कुंडी बघायची, झगाही हिरवा आणि भातही. अर्धी कणसं चिमण्यांनी खाल्ली, धाकटी खूप रडली, उरलेली मूठभर घेऊन गेलो.

कुवेतहून:
इथे सुट्टी शुक्रवारी म्हणून आम्ही रविवारची मिस्सा शुक्रवारीच ऐकतो, मुलाचा फार गोंधळ व्हायचा. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या (दर रविवारी एक जास्त) मात्र आम्ही रविवारीच लावतो, ऑफिसातून आल्यावर, व्हिडिओ कॉलवर वसईची आजी तिच्या मेणबत्त्या लावून बसलेली असते. तीन जांभळ्या, एक गुलाबी. तिसऱ्या रविवारी गुलाबी लागली की मुलगा ओरडतो, आजी, आता एकच उरली!

पुन्हा वसईहून:
वाल या उपवासकाळात वर्गात नेणार. बरणी ज्याने त्याने घरून आणायची, प्लास्टिकची चालेल.