पीएचपी: फिल्टर सेशनमध्ये की यूआरएलमध्ये? दोन टॅबमध्ये गोंधळ होतोय

बिलखाते
पीएचपी ८, मायएसक्यूएल. बिलांच्या यादीवर महिना आणि पार्टीचं नाव असे दोन फिल्टर आहेत, दोन्ही सेशनमध्ये (सर्व्हरवर त्या युजरसाठी साठवलेल्या माहितीत) ठेवलेत. एका टॅबमध्ये एप्रिल आणि दुसऱ्यात मे उघडला की एप्रिलच्या टॅबमध्ये पुढच्या पानावर मेची बिलं येतात. फिल्टर यूआरएलमध्ये घेतले, तर 'शाह & सन्स'चं नुसतं 'शाह ' उरतं. शिवाय बिलाचा आयडी बदलून कुणी दुसऱ्याचं बिल पाहील, ही भीती आहेच. काय कुठे ठेवायचं?

सर्व्हरकट्टा
सेशन ब्राउझरच्या कुकीला बांधलेलं असतं, टॅबला नाही. दोन्ही टॅब एकाच जागी लिहितात, म्हणून शेवटचा फिल्टर टिकतो. महिना, पार्टी, पान क्रमांक यूआरएलमध्येच हवेत. बुकमार्क आणि बॅक बटणही मग नीट चालतं. लॉगिन झालेला युजर आणि त्याची फर्म सेशनमध्ये ठेवा.

'&' हे यूआरएलमध्ये दोन पॅरामीटरमधलं विभाजक चिन्ह आहे, त्यामुळे नाव तिथेच तुटतं. स्ट्रिंग हाताने जोडू नका. फिल्टरचा ॲरे एचटीटीपी_बिल्ड_क्वेरी या फंक्शनला द्या आणि लिंकमध्ये छापताना एचटीएमएलस्पेशलकॅरॅक्टर्स या फंक्शनमधून काढा. वाचताना पुन्हा यूआरएलडिकोड करायचं नाही, कारण गेट ॲरेत (यूआरएलमधले पॅरामीटर पीएचपी जिथे देतं तिथे) किंमत डिकोड होऊनच येते. दुसऱ्यांदा केलंत तर नावातला '+' जाऊन तिथे स्पेस येईल. खरं तर नावाऐवजी पार्टीचा आयडीच पाठवा. देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-मात्राही, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, म्हणजे यूआरएलमध्ये ९ कॅरॅक्टर. लांब नावांनी यूआरएल उगाच फुगते.

क्वेरीपंत
आयडी लपवण्याच्या मागे लागू नका. बेस६४ केलेला आयडी कुणीही उलगडतो. क्वेरीतच अट घाला: बिलाचा आयडी यूआरएलमधून, फर्मचा आयडी सेशनमधून, दोन्ही प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये (क्वेरी आधी आणि किंमती वेगळ्या देण्याची पद्धत) बाइंड केलेले. ओळ सापडली नाही तर सरळ ४०४ (पान सापडलं नाही). हीच अट पीडीएफ डाउनलोडच्या आणि डिलीटच्या फाइलमध्येही लागते. यादीत घालतात आणि नेमकी तिथे राहून जाते. डिलीट गेटने कधीच नको, पोस्ट आणि सीएसआरएफ टोकन (विनंती तुमच्याच फॉर्ममधून आली हे पटवणारा गुप्त कोड) वापरा. लॉगिन होताच सेशन आयडी नवा करा, नाहीतर हल्लेखोराने आधी माथी मारलेला आयडी तसाच चालू राहतो.

बिलखाते
फिल्टरचं काम झालं, आभार. आता दोन अडचणी: वार्षिक पीडीएफ बनत असताना दुसरा टॅब अडकून बसतो. आणि बिल भरताना थोडा वेळ गेला की सेव्ह करताना लॉगिन पान येतं. सर्व्हर उबुंटू आहे.

सर्व्हरकट्टा
पहिलं म्हणजे लॉक. फाइलवर चालणारं सेशन, स्क्रिप्ट संपेपर्यंत ती फाइल धरून ठेवतं. पीडीएफच्या स्क्रिप्टमध्ये फर्मचा आयडी व्हेरिएबलमध्ये घ्या आणि लगेच सेशन_राइट_क्लोज करा. त्यानंतर सेशनमध्ये लिहिलेलं जतन होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

दुसरं, जीसी_मॅक्सलाइफटाइम (न वापरलेलं सेशन किती वेळ टिकतं ती सेटिंग) मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असतं. उबुंटूच्या पॅकेजमध्ये जुन्या सेशन फाइल दर अर्ध्या तासाने वेगळं जॉब साफ करतं आणि ते मर्यादा पीएचपी.आयएनआय या सेटिंगच्या फाइलमधून घेतं. त्यामुळे कोडमध्ये आयएनआय_सेटने वाढवून उपयोग नाही. त्या मूळ फाइलमध्ये ७२०० करा आणि पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड करा.

क्वेरीपंत
तेवढ्यावर भागवू नका. बिलाच्या फॉर्ममधून दर ५ मिनिटांनी एक छोटी फेच विनंती (जावास्क्रिप्टने पान न बदलता पाठवलेली) सेशन सुरू करणाऱ्या फाइलला पाठवा. सेशन फाइलची वेळ ताजी होते आणि भरलेलं बिल वाया जात नाही.