पहिली नोकरी : लागली कशी ते असू द्या, टिकली कशी ते सांगा

मुलाखतीत काय विचारतात हे सांगणारे पुष्कळ भेटतात. रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांबद्दल मात्र सगळे गप्प. माझ्या भाच्याला सोमवारी इथंच नागपूरजवळ, बुटीबोरी एमआयडीसीत रुजू व्हायचंय आणि घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारून राहिला, "पुण्याला काऊन नाही गेला बे?" म्हणून नागपुरातच पहिली नोकरी केलेल्यांनी लिहा. पगाराचे आकडे नकोत.

हिंगणा एमआयडीसी, डिप्लोमा मेकॅनिकल

कॅम्पस आमच्याकडे नावालाच होता. मे महिन्यात तोंडाला दुपट्टा बांधून गेटोगेटी बायोडाटा वाटत फिरलो. वॉचमनच्या टेबलावर गठ्ठा साचलेला असायचा, त्यात माझाही एक. शेवटी एका वॉचमननंच सांगितलं, "कागदं नको वाटू, अप्रेंटिस कधी घेणार ते विचारत जा." वर्षभर अप्रेंटिस, मग ठेकेदाराच्या पेरोलवर, मग कंपनीच्या.

टिकलो ते एका ऑपरेटर काकांमुळे. तिसऱ्याच आठवड्यात मापायच्या व्हर्नियरची झिरो एरर (काही न मोजताच तो दाखवतो ती चूक) न बघता चाळीसेक पीस ओके करून टाकले. लक्षात आलं तेव्हा शिफ्ट सुटायला दहा मिनिटं होती. मनात आलं, जाऊ दे, पुढच्या शिफ्टवर जाईल. काकांनी ओळखलं. "ट्रेला लाल टॅग लाव अन् आत्ताच सांगून ये. उद्या सापडलं तं चूक नाही रायत, लपवणं होते." बोलणी भरपूर खाल्ली. पण महिन्याभरानं इन्स्पेक्शनला मलाच बोलवू लागले. आता हुद्द्यानं मी काकांच्या वर आहे. त्यांना काम सांगताना अजून जीभ अडखळते.

मिहान, आयटी

मी लागले २०१९ मध्ये, मेट्रो नुकतीच खापरीपर्यंत सुरू झाली होती. पुढे मैत्रिणीच्या गाडीवर. वर्धेची मुलगी, मराठी माध्यम. कॉलवर बोलायची वेळ आली की पोटात गोळा. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये "ऑलमोस्ट डन" एवढंच म्हणायचे. तीन दिवस तेच म्हटल्यावर लीडनी बाजूला बसवून हिंदीत विचारलं, "अटका कहाँ है?" मला ते प्रोजेक्ट मशीनवर चालूच करता आलं नव्हतं! त्यांनी वीस मिनिटांत करून दिलं. ते तीन दिवस मी डब्यातली पोळीसुद्धा धड खाल्ली नव्हती.

धरमपेठ, अकाउंट्स

माझं भांडण शंभर रुपयांचं. दर महिन्याला व्यवसाय कर २०० कापायचे, फेब्रुवारीत ३०० कापले. तावातावात एचआरकडे गेलो. बाईंनी शांतपणे समजावलं : अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. अकाउंट्सचा माणूस म्हणून घेतलेला मी! तेव्हापासून स्लिप ओळीओळीनं वाचतो. पीएफचा यूएएन (आपला कायमचा पीएफ नंबर) पहिल्याच महिन्यात मागून घ्या आणि नोकरी बदलली तरी तोच ठेवा. माझे दोन झाले होते, ते निस्तरण्यात किती फेऱ्या झाल्या ते विचारू नका.

सीताबर्डी, नाव नको

मी टिकलो नाही, तरी लिहितो. एका प्लेसमेंटवाल्यानं "ट्रेनिंग डिपॉझिट" घेतलं आणि मूळ मार्कशीटही ठेवून घेतल्या. दोन महिने काम, पगार एकाचा. सोडायचं म्हटलं तर कागद देईनात. बाबा सोबत येऊन तिथं तासभर काही न बोलता नुसते बसून राहिले, तेव्हा मिळाले. डिपॉझिट गेलंच. गल्लीत मात्र आई अजून "कंपनी बंद पडली" असंच सांगते.

भाचा (मामानं लिंक पाठवली)

सगळं वाचलं. सोमवारी फर्स्ट शिफ्ट आहे. डबा न्यायचा का? कंपनीत कॅन्टीन आहे म्हणतात.

हिंगणा एमआयडीसी, डिप्लोमा मेकॅनिकल

ने. कॅन्टीनचं कार्ड पहिल्या दिवशी हातात पडेलच असं नाही. आणि दोन पोळ्या जास्तीच्या ने, शेजारी कोण बसते काय माहीत.