अनुभव सांगा: खिशात मावणारा आणि खिशाला परवडणारा चिनी चाकू

मंडळी, कोल्हापुरात पापाच्या तिकटीपासून लक्ष्मीपुरीपर्यंत फिरलं की विळ्या, सुऱ्या, अडकित्ते हवे तेवढे मिळतात. पण घडी होणारा, एका हातानं उघडणारा, रोज खिशात ठेवायचा चाकू मागितला तर दुकानदार एक तर फळं कापायचा प्लास्टिक मुठीचा पुढं करतो, नाही तर पात्यावर वाघ छापलेला. युरोप-अमेरिकेत बनलेला असा चांगला चाकू बहुतेक वेळा खिशाला परवडत नाही. मग उरतो चिनी.

चिनी म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: ग्वांगडोंग प्रांतातलं यांगजियांग हे गाव चाकू-कात्र्यांवरच जगतं, इचलकरंजीत जसे माग तसे तिथं पात्यांचे कारखाने. स्पायडर्कोचा टेनेशियस, कर्शॉचे स्वस्तातले बरेच चाकू चीनमध्येच बनतात आणि पात्यावर तसं लिहिलेलंही असतं. सानरेनमू, गांझो, रुइके, सिव्हिवी, क्यूएसपी ही त्यांची स्वतःची नावं. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेस आपल्याकडं बंद झालं, तेव्हापासून इथल्याच विक्रेत्यांकडून थोडे जास्त पैसे मोजून घ्यावे लागतात.

तर हजार ते चार हजारांतला चाकू ज्यांनी खरोखर वापरलाय त्यांनी लिहा. काम काय करता तेही सांगा, कारण त्यावरच सगळं आहे. यूट्यूबवर ऐकलेलं नको.

शिवाजी उद्यमनगर, हीट ट्रीटमेंटचं काम

आमच्याकडं पोलादाचा कडकपणा आकड्यात मोजणारं रॉकवेल मशीन असल्यामुळं मित्र चाकू घेऊन येतात, ‘बघ जरा हार्डनेस’ म्हणून. पात्याच्या बुडाशी, पातं ज्यावर फिरतं त्या पिनेजवळ जी सपाट धार नसलेली जागा असते तिथं हिऱ्याचा शंकू दीडशे किलोच्या भारानं टेकवायचा. बारीक खूण राहते, पण धारेला काही होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ब्रँड नंतर बघा, आधी पोलादाचं नाव लिहिलंय का बघा. नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ छापलेलं पातं म्हणजे बहुतेक वेळा ३सीआर१३ किंवा त्याच्या भावकीतलं. कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपास, त्याला कितीही चांगलं पाणी दिलं (तापवून, थंड करून कडक केलं) तरी ते रॉकवेलच्या साठीला पोचणार कुठून? गंजत नाही, पण दोन खोकी फोडली की धार गेली. ८सीआर१३एमओव्ही हे त्या नावातच सांगतं: ०.८ टक्के कार्बन, १३ टक्के क्रोम, थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. नीट पाणी दिलेलं असेल तर आकडा ५७ ते ५९ लागतो. स्वस्तात हे पोलाद सगळ्यात रास्त.

डी-२ तर उद्यमनगरातल्या पोराठोरांनाही माहीत आहे, डाय-पंच त्याचेच करतो आपण. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोम. क्रोम एवढं असूनही त्यातलं बरंच कार्बनसोबत कार्बाइडमध्ये अडकतं, म्हणून ते पुरतं स्टेनलेस नाही. धार मात्र टिकते. चिनी चाकूवाले डी-२ ला ५९ ते ६१ सांगतात. नावाजलेल्यांचे मी लावले तेव्हा आकडा खोटा निघाला नाही. एका बिननावाच्या ‘डी-२’ वर मात्र काटा पन्नाशीच्या जरा वर जाऊन थांबला. पात्यावर कोरायला काय, लेझरनं काहीही कोरता येतं. ‘दमास्कस’ म्हणजे थरांच्या पोलादाची लाटा-लाटांची नक्षीसुद्धा बऱ्याचदा वरवरची कोरलेली असते, पॉलिश मारलं की गायब.

तेव्हा पोलाद आणि पाणी. मुठीचा रंग शेवटी.

शिरोळ तालुका, ऊस आणि भाजीपाला

दादा, तुमचं पोलादबिलाद बरोबर असंल, पण आमच्या रानात काम येगळं. ठिबकच्या नळ्या कापायच्या, खताची पोती फोडायची, टोमॅटो बांधायची सुतळी तोडायची. हात चिखलानं माखलेला. माज्याकडं सानरेनमूचा ७०१०, त्येच ८सीआर. लई बारकाय, अर्ध्या विजारीच्या खिशात हाय का न्हाई कळत न्हाई. पण त्याची मूठ सगळी लोखंडी, ओल्या हातात सटकती. म्हणून पोरानं दुसरा घेतला, खडबडीत जी-१० (काचतंतूचं कडक प्लास्टिक) मुठीचा. रानात त्योच चांगला. आन एक सांगतो, मूठ भगव्या न्हाईतर हिरव्या रंगाची मिळत असंल तर भगवी घ्या. हिरवा चाकू उसाच्या सरीत पडला की खुरपणीलाच सापडतो.

राधानगरीकडं पोस्टिंग, मूळ गाव कागल

पावसाळ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझा डी-२ चा होता. जून लागला आणि पात्यावर मिरीएवढे तपकिरी ठिपके. एकदा कैरी चिरून तसाच बंद केला, सकाळी पातं काळपट. खोबरेल लावून बघितलं, ते काही दिवसांनी चिकट होऊन उघडायला जड जायला लागलं. मग औषधांच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणलं. पातळ थर, फडक्यानं पुसून. फळं कापली तरी चालतं.

आता रुइकेचा पी८०१ वापरते, १४सी२८एन हे स्वीडिश पोलाद आहे त्यात. त्यावर डाग नाही. धार डी-२ पेक्षा थोडी लवकर उतरते, पण लावायलाही सोपी. घाटमाथ्यावरच्या हवेत राहणाऱ्यांनी डी-२ च्या मागं लागू नये, असं माझं मत. कोल्हापूर शहरात, ऑफिसात बसून कुरिअर फोडणाऱ्यांना फरक पडणार नाही.

उद्यमनगर (परत मीच)

ताईंचं बरोबर. पिनेच्या आतही एक थेंब सोडत जा, गंज तिथंच आधी बसतो आणि दिसत नाही.

वायरमन, राजारामपुरी

वायर सोलायला असला चाकू वापरू नका. लाइनर लॉक, म्हणजे उघडलेलं पातं अडवणारी मुठीतली पत्र्याची पट्टी, उघड्या बाजूनं दाबला गेला की पातं बोटावर येतं. आणि मूठ लोखंडी असेल तर करंटचा विषयच वेगळा. त्यासाठी स्ट्रिपर आहे. बाकी टेप, खोके, पट्ट्या यांना झकास.

रोपवाटिका, करवीर तालुका

कलमं बांधण्यासाठी म्हणून एक घेतला होता. जमलं नाही, आणि त्यात चाकूचा दोष नाही. कलमाच्या चाकूला एकाच बाजूनं धार लागते, म्हणजे काप सपाट येतो आणि साल सालीला नीट बसते. या खिशातल्या चाकूंना दोन्ही बाजूंनी धार असते, काप मधे किंचित फुगीर येतो. आता तो चाकू कोकोपीटच्या विटांचं प्लास्टिक फोडायला आहे, कलमाला कलमाचाच. चपला शिवणारे आमचे शेजारी पण हेच म्हणतात, चामड्याला रापीच.

पन्हाळा-पावनखिंड दरवर्षी

आमच्या ग्रुपचं सामान मी बघतो, त्यामुळं लॉकवर जरा सविस्तर. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी एवढं करा. पातं पूर्ण उघडा, मूठ धरा आणि पात्याचा बोथट पाठीकडचा भाग लाकडी पाटावर हळूच दाबा. बोटं घडीच्या वाटेत नकोत. लॉक सरकला की परत पाठवा, विचार करत बसू नका. मग पातं टोकाशी धरून वर-खाली, डावी-उजवी हलवा. डावी-उजवीकडं किंचित हलत असेल तर पिनेचा स्क्रू टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या) पान्यानं पाव वळसा आवळून भागतं. वर-खाली हलत असेल तर ते लॉकचंच दुखणं, आवळून जात नाही. शेवटी चाकू बंद करून पातं उघडतं ती बाजू खाली धरा आणि झटका द्या. आपोआप उघडला तर खिशात मांडीला लागणार.

लाइनर पात्याच्या बुडाच्या पार पलीकडच्या कडेपर्यंत गेलेला असेल तर तो नव्यातच म्हातारा झालाय. साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा झाकलेला असावा, म्हणजे झिजायला जागा राहते.

आणि हो, जाड पात्याचा मोह नको. तीन मिलिमीटरच्या आतलं, मागून धारेकडं पातळ होत आलेलं पातं काकडीसुद्धा नीट कापतं. जाडजूड ‘टॅक्टिकल’ पातं काकडी फोडतं.

जिल्हा न्यायालयात वकिली

सगळे पोलादावर बोलताय, कायद्यावर मी. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं येतात आणि घरगुती, शेती, कारखान्याच्या कामाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. तीन इंचांचा खिशातला चाकू त्या मापात बसतच नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश निघतो, त्यात चाकूच काय, काठीसुद्धा येते. गणपती, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला जाताना चाकू घरी ठेवावा. ‘कुरिअर फोडायला आहे साहेब’ हे रात्री अकरा वाजता बिंदू चौकात कुणी ऐकून घेत नाही. बटण दाबलं की स्प्रिंगनं उघडणारा मात्र घेऊच नका. उजळाईवाडीहून विमानानं जाणार असाल तर चाकू चेक-इनच्या बॅगेत.

गंगावेस, हॉटेलचा किचन बघतो

धारेवर मी लिहितो, कारण विकत घेणारे हजार आणि धार लावणारे दहा. ८सीआर असेल तर घरातल्या चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड पुरते. डी-२ साठी मात्र डायमंड प्लेट घ्या, साध्या दगडावर हात दुखेल. कोन कसा धरायचा? कागदाच्या काटकोनाची घडी निम्मी करा, ४५. अजून निम्मी, साडेबावीस. पाठीमागं तो कागद उभा करून हात बसवा. धारेवर मार्करनं काळं करून एक घासा मारला की कुठं लागतंय ते दिसतं. एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूला नखाला बर (उलटून आलेली बारीक कड) लागेपर्यंत, मग बाजू बदला.

सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्याकडं विळी द्या, हा चाकू नको. कोरड्या चाकावर धार तापते. कड निळसर झाली की त्या जागेचं पाणी गेलं, मग तेवढा भाग घासून काढण्याशिवाय इलाज नाही.

शाहूपुरी, टेलर

मी डावखुरा. लाइनर लॉक मला उलटा पडतो, बंद करताना बोट पात्याच्या वाटेत येतं. काय घेऊ?

पन्हाळा-पावनखिंड

भावा, आडव्या पिनेचा लॉक बघ, गांझोच्या फायरबर्डमधल्या बऱ्याच चाकूंत आहे. दोन्ही बाजूंना खटका असतो, मागं ओढला की पातं मोकळं, बोट वाटेत येतच नाही. किंवा पाठीवर दाबायचा जुन्या पद्धतीचा बॅक लॉक. फक्त घेण्याआधी खिशाला अडकवायची क्लिप डाव्या बाजूला बसते का ते फोटोत बघ, मुठीवर दोन्हीकडं स्क्रूची भोकं दिसली पाहिजेत.