अनुभव धागा: महामारीत मन कसं सांभाळलंत, माणसं कशी धरून ठेवलीत?

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचं म्हटलं आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचं सांगितलं. मधल्या काळाबद्दल बोलणं निघतं ते ताप, लस आणि ऑक्सिजनचं. मनाचं काय झालं, हे अनेकांनी अजून कुणाजवळ काढलेलं नाही. पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं याच संघटनेने २०२२मध्ये नोंदवलं. तरुणांना आणि स्त्रियांना झळ जास्त बसली.

‘काही लागलं तर सांग’ म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. पण खचलेल्या माणसाला मागणंच जमत नाही. तगवलं ते न मागता, नेमाने विचारपूस करणाऱ्यांनी, असं माझं ठाम मत झालं आहे. तुम्हाला कुणी तगवलं, तुम्ही कुणाला धरून ठेवलंत, नेमकं काय केलंत, ते लिहा. नाव नाही सांगितलंत तरी चालेल.

*

मी एकटी राहते. घरून काम सुरू झालं आणि आज कोणता वार आहे याचं भान राहिना. बहिणीशी रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, पण लवकरच बोलायला विषय उरेनात. दोघींच्याही आयुष्यात नवीन काही घडतच नव्हतं. फोन टाळावासा वाटू लागला. मग तिनेच सुचवलं, बोलायला नको, नुसता चालू ठेवू. संध्याकाळी फोन भिंतीला टेकवायचा आणि आपापली कामं करायची. मी कपड्यांच्या घड्या घालतेय, ती वह्या तपासतेय. मधेच मान वर न करता ती विचारायची, “आहेस ना गं?” मी म्हणायचे, “आहे.” अजूनही आमचे असे कॉल चालू असतात.

*

बाबांना कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र असलं तरी निम्मं बोलणं ते ओठांवरून समजून घेतात, हे आम्हाला कळलं ते सगळ्यांच्या तोंडावर मास्क आल्यावर. कोण काय बोलतंय कळेना, तसं त्यांनी दारापर्यंत येणंच सोडलं. फोनवर नुसतं “हो, हो” म्हणायचे. मग आम्ही व्हिडिओवरच बोलायला लागलो. खिडकी पाठीमागे न ठेवता समोर ठेवायची, म्हणजे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. एका वेळी एकानेच बोलायचं. महत्त्वाचं असेल ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्यासमोर धरायचं. सगळ्या कुटुंबाच्या कॉलमध्ये ते गप्पच बसत, म्हणून त्यांचा कॉल वेगळा ठेवला. घरी असं माणूस असेल तर हे जरूर करून बघा.

*

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. पीपीई किटमधून आमचे फक्त डोळे दिसायचे, म्हणून किटवर मार्करने नाव लिहायचो. नातेवाइकांना आत येता येत नव्हतं. त्यांना रोज ठरलेल्या वेळी फोन करायचाच, प्रकृतीत फरक नसला तरी, असं आमच्या वॉर्डने ठरवलं होतं. “आज बदल नाही, पण मी आत्ता त्यांच्याजवळूनच आलेय. त्यांचे केस विंचरून दिले.” एवढं सांगितलं तरी पलीकडच्या माणसाचा आवाज सावरायचा. ठरलेली वेळ माहीत असल्यामुळे दिवसभर फोनकडे डोळे लावून बसणं कमी झालं, असं काहींनी नंतर कळवलं.

आणि आमचं? ड्यूटी संपली की आम्ही दोघी-दोघी बसायचो. एकीने बोलायचं, दुसरीने मध्ये काही न सांगता ऐकायचं. रडू आलं तर येऊ द्यायचं. ते काही समुपदेशन नव्हतं, पण त्याच्याविना दुसऱ्या दिवशी वॉर्डात पाऊल टाकणं मला जमलं नसतं.

*

बातम्या दिवसातून दोनदाच, ठरलेल्या वेळी. झोपायच्या आधी अजिबात नाहीत. मला सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

*

छातीत धडधड, हाताला मुंग्या, श्वास पुरत नाही असं वाटायचं. संसर्ग झालाच, असं मी धरून चाललो होतो. चाचणी निगेटिव्ह आली, ऑक्सिजनही नीट. डॉक्टर म्हणाले, हा पॅनिक अटॅक आहे. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायॉक्साइड कमी होतो आणि त्यानेच मुंग्या येतात, हे त्यांनी समजावलं तेव्हाच निम्मी भीती गेली. श्वास सावकाश, लांबवून सोडायची सवय केली. समुपदेशन ऑनलाइन मिळालं, पण घरात मोकळं बोलायला एकांत कुठला! गच्चीच्या जिन्यात बसून बोलायचो. तेवढा वेळ वर कुणी यायचं नाही, हे घरच्यांनी कसोशीने पाळलं. औषधंही घेतली आणि डॉक्टरांना विचारूनच हळूहळू थांबवली.

*

(मध्येच लिहिते, कारण हे महत्त्वाचं आहे. जवळच्या कुणाच्या मनात जीव संपवण्याचे विचार येत असावेत अशी शंका आली, तर सरळ विचारा. विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खरी नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांची किंवा हेल्पलाइनची मदत घ्या.)

*

आई गेली तेव्हा मी स्वतः विलगीकरणात होते. शेवटचं दर्शन झालं नाही. शोकसभा पडद्यावर झाली, चौकटीचौकटीत सगळे रडत होते. मग हळूहळू फोन थांबले. एक मैत्रीण मात्र दर रविवारी करायची. “कशी आहेस?” असं कधीच विचारलं नाही. म्हणायची, “आज काकूंचं काहीतरी सांग.” मी सांगत गेले. आई चिडायची कशी, हसायची कशी, तिचं अक्षर कसं होतं. दुःख ओसरलं असं म्हणणार नाही, पण आईबद्दल बोलता येऊ लागलं.

*

सर्वांचे मनापासून आभार. अजून एक विनंती. दीर्घ कोविडमुळे ज्यांचा थकवा गेलेला नाही, ज्यांचं बाहेर पडणं आजही अवघड आहे, त्यांनी अवश्य लिहा. एकदम लिहिणं झेपत नसेल तर दोन ओळी लिहून थांबा, उरलेलं नंतर लिहा. आणि तुमचे जवळचे तुमच्या संपर्कात कसे राहिले तर तुम्हाला झेपेल, तेही सांगा. कॉल, संदेश, की नुसता आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला चालेल?